अमुकत्वाचे आकलन

‘प्रस्तुत विद्यार्थिनीस अमुकत्व या मूलभूत संकल्पनेचे पुरेसे आकलन झालेले नाही, सबब सदर प्रबंध पदवीस पात्र ठरत नाही.’

परीक्षक मंडळाच्या अहवालातले हे वाक्य. वाक्य म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नाही. कर्ता, कर्म, क्रियापद आपापल्या खुर्चीत बसलेले, स्वल्पविराम योग्य जागी, आणि ‘सबब’ हा शब्द तर असा ठेवलेला की दार लावून घेतल्याचा आवाज यावा. तरीही त्याच्या विटा एकेक करून काढून पाहायला हव्यात. ‘मूलभूत’ म्हणजे जिच्यावर पुढचे सारे उभे राहते ती. इथे पुढचे सारे उभे होते हे खरे, पण कशावर, हे वाकून कुणी पाहिले नव्हते. ‘पुरेसे’ या शब्दात असे गृहीत धरले आहे की ते आकलन कुणाला तरी पुरेसे झाले आहे, निदान खाली सह्या करणाऱ्यांना तरी. राहता राहिले ‘झालेले नाही’. एवढा भाग मात्र तंतोतंत खरा होता. विद्यार्थिनीला आकलन झालेले नव्हते. परीक्षकांनाही झालेले नव्हते. आणि साऱ्या विद्वज्जगात ज्या एका माणसाला ते होणे बंधनकारक होते, तो जेवणाच्या टेबलाशी बसून, समोरचा चहा गार होऊ देत, तो अहवाल पुन्हा पुन्हा वाचत होता. त्यालाही ते झालेले नव्हते.

या माणसाला सगळे ‘सर’ म्हणत. बायकोही म्हणे, पण तिच्या तोंडी त्या शब्दाला किंचित खवट वास यायचा. सर निवृत्त झाले होते. मात्र निवृत्ती पगाराला असते, मोठेपणाला नसते. अहवालासोबत विभागप्रमुखांची चिठ्ठी होती. विद्यार्थिनीने पुनर्विचाराचा अर्ज केला आहे, गुरुवारी बैठक ठेवली आहे, आणि ‘या संकल्पनेचे जनक या नात्याने आपला शब्द अंतिम राहील.’

आपला शब्द अंतिम. सरांना हसू आले नाही. त्यांचा शब्दच तर साऱ्याच्या मुळाशी होता, आणि तो शब्द मुळात शब्दच नव्हता.

सरांना लिहिताना एक सवय होती. नेमका शब्द सुचला नाही की ते अडून बसत नसत; तिथे ‘अमुक’ लिहून पुढे जात आणि शेवटच्या वाचनात त्या जागा भरून काढत. तरुणपणी लिहिलेल्या पहिल्या मोठ्या लेखात त्यांना असे म्हणायचे होते की एका कवीच्या कवितेचे खरे सामर्थ्य तिच्या, काय म्हणतात त्याला, तिच्या त्यात आहे. ते त्यांना जाणवत होते, पण शब्दात येत नव्हते. अधिक प्रामाणिकपणे सांगायचे तर इतरांना ते जाणवले आहे असे त्यांना वाटत होते, आणि आपण मागे राहू नये म्हणून त्यांनाही ते जाणवू लागले होते. वाक्याला तिथे भाववाचक नाम हवे होते. सर रिकाम्या जागेच्या बाबतीतही व्याकरणाचे पक्के. त्यांनी ‘अमुक’ला ‘त्व’ जोडले आणि पुढे गेले. दुसरा कुणी असता तर त्याने टिंबे दिली असती, आणि मुद्रितशोधकाने त्याला हटकले असते. टिंबे बिचारी उघडी असतात, लगेच सापडतात. प्रत्यय लावलेल्या अज्ञानाला कुणी हटकत नाही. मुद्रितशोधकालाही वाटले, आपल्याला ठाऊक नसेल, पण असेल काहीतरी. त्याने ‘त्व’ नीट उमटले आहे ना, तेवढे पाहिले.

लेख छापून आला तेव्हा तीन जागा भरायच्या राहून गेल्या होत्या. सरांनी तातडीने शुद्धिपत्र लिहायला घेतले. ‘पृष्ठ अमुकवर, अमुकत्व याऐवजी’ इथपर्यंत लेखणी झरझर आली आणि थांबली. कारण याऐवजी काय वाचावे, ते त्यांना अजूनही सुचलेले नव्हते. शुद्धिपत्रातही तीच जागा रिकामी. ते टेबलावर तसेच पडून होते तेव्हाच एका ज्येष्ठ समीक्षकाचे परीक्षण प्रसिद्ध झाले. ‘अमुकत्वासारखी सूक्ष्म संज्ञा लेखकाने जाणीवपूर्वक अनिर्णित ठेवली आहे, यातच त्याची प्रगल्भता दिसते.’ सरांनी ते वाक्य उभ्यानेच वाचले, मग बसून वाचले, मग आरशात पाहिले. आरशातला माणूस बऱ्यापैकी प्रगल्भ दिसत होता. शुद्धिपत्राचे पुढे काय झाले, ते सरांनाही आठवत नाही, किंवा आठवू नये अशी व्यवस्था त्यांनी केली आहे.

ढोंगाविषयी लोक असे बोलतात जणू ते एका माणसाचे काम आहे. टाळी एका हाताने वाजत नाही, ढोंगही तसेच. सरांनी फक्त एक चूक केली होती, बाकीचे सारे समाजाने मेहनत घेऊन उभे केले. एकाने लेख लिहिला की दुसऱ्याला त्याचा संदर्भ देणे भाग पडले, कारण न दिला तर आपण वाचले नाही असा अर्थ निघेल. तिसऱ्याने दोघांचा दिला. चौथ्याला शंका आली होती. पण शंका विचारायला उभे राहणे म्हणजे भरल्या सभेत आपला सदरा फाटलेला असल्याचे सांगणे. तो खाली बसला आणि पुढच्या वर्षी त्याने अमुकत्वाच्या सामाजिक बाजूवर पुस्तक लिहिले. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापकांना हा बोलबाला सहन होईना. त्यांनी ‘तमुकत्व’ मांडले. दोन पंथ झाले. एका चर्चासत्रात अमुकत्वात तमुकत्व अंतर्भूत असते की उलट, यावरून अशी खडाजंगी झाली की दोन विद्वान पुढली कित्येक वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. पदवीच्या परीक्षेला प्रश्न येऊ लागला: ‘अमुकत्व म्हणजे काय ते सांगून त्याचे विशेष लिहा.’ मुले ‘म्हणजे काय’ हा भाग सोडून देत आणि विशेष मात्र पानेच्या पाने लिहीत. सर स्वतः ते पेपर तपासत. सढळ हाताने गुण देत. दुसरे करणार काय?

आणि या सगळ्यात सरांनी काय केले? त्यांनी चष्मा काढायला शिकून घेतले. व्याख्यानात ‘अमुकत्व’ हा शब्द आला की ते थांबत, चष्मा काढत, खिडकीकडे पाहत. श्रोते पुढे वाकत. मग सर चष्मा लावत आणि पुढच्या मुद्द्याकडे वळत. लोक घरी जाऊन सांगत, आज सर काही वेगळेच बोलले. या एका हालचालीवर सरांना बढती मिळाली, दोन समित्यांचे अध्यक्षपद मिळाले, आणि एका संस्थेने तर मानपत्रात लिहिले की त्यांनी समीक्षेला नवी दृष्टी दिली. चष्मा काढून दिलेली दृष्टी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. सरांनी ती मूठ जन्मभर झाकून नेली, आणि गंमत अशी की मुठीत काही नाही हे त्यांच्या लक्षात राहिले होते. इतरांच्या बाबतीत तेवढीही खात्री देता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात ती विद्यार्थिनी घरी आली होती. एका महाविद्यालयात तात्पुरत्या जागेवर शिकवणारी, सडपातळ, आवाज खाली ठेवून बोलणारी. पुस्तकांच्या खोलीत ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि तिने वही उघडण्याआधीच विचारले,

“सर, अमुकत्व म्हणजे काय?”

सरांना हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नव्हता. लोक विचारत, ‘अमुकत्वाच्या संदर्भात तुम्ही आजच्या कवितेकडे कसं पाहता?’ त्या प्रश्नाला दुनियेतले काहीही उत्तर चालते. हा प्रश्न वेगळा होता. याला दोनच उत्तरे होती: एक त्यांच्याकडे नव्हते आणि दुसरे देण्यासारखे नव्हते. सरांनी चष्मा काढला.

“तो प्रश्न असा विचारता येईल असं तुला वाटतं,” ते म्हणाले, “तिथेच अडचण आहे.”

तिने ते लिहून घेतले. वाचून पाहिले. मग मान वर करून म्हणाली, “म्हणजे काय?”

“वाचन वाढव.”

“वाचलंय सर. सगळं वाचलंय. म्हणून तर आले.”

“मग पुन्हा वाच,” सर म्हणाले, आणि उठून उभे राहिले. यजमान उठला की पाहुण्याला उठावेच लागते. हा संस्कृतीचा फायदा विद्वानांना नेहमीच होत आला आहे.

दारातून ती म्हणत होती, “काकू, चहा राहू द्या, मला पुढचा तास आहे.” बायको कप हातात घेऊन तशीच उभी. ती निवृत्त शिक्षिका, जन्मभर शाळेत गणित शिकवलेले. दार लागल्यावर ती म्हणाली,

“सांगायचं होतं ना तिला.”

“काय सांगायचं?”

“तेच. म्हणजे काय ते.”

“अगं, ते इतकं सोपं नसतं.”

“आमच्याकडे पण क्ष असतो,” बायको म्हणाली. “पण शेवटी तो काढून दाखवावा लागतो. क्ष म्हणजे फार खोल काहीतरी असतं, असं लिहून आमच्याकडे पोरं पास होत नव्हती.” आणि तिने तो चहा स्वतः पिऊन टाकला. हिला सगळे ठाऊक आहे की काय, हे विचारायचे धाडस सरांना कधी झाले नव्हते. त्या दिवशीही झाले नाही.

आता त्या मुलीचा प्रबंध सरांपुढे पडला होता. ज्या प्रकरणावर परीक्षक भडकले होते ते त्यांनी सकाळीच वाचले होते. तिने काहीही आरोप केलेला नव्हता. तिने अमुकत्वावरची गाजलेली वाक्ये घेतली होती, आणि प्रत्येकात ‘अमुकत्व’ काढून तिथे ‘दमटपणा’ हा शब्द घातला होता. ‘या कवितेचा दमटपणा वाचकाला अस्वस्थ करतो.’ ‘आधुनिक माणूस आपला दमटपणा हरवून बसला आहे काय?’ ‘दमटपणाला व्याख्येत कोंडणे म्हणजे दमटपणा नाकारणेच होय.’ एकाही वाक्याचे काही बिघडले नव्हते. दोनतीन तर सुधारली होती. शेवटी तिने नम्रपणे लिहिले होते: ‘संकल्पनेच्या जनकांशी प्रत्यक्ष चर्चा करूनही तिचा अर्थ निश्चित करता आला नाही. ही मर्यादा प्रस्तुत अभ्यासकाची असू शकेल.’

दमटपणाच्या तिसऱ्या वाक्याला सर मोठ्याने हसले होते. मग थंड पडले. इतक्या वर्षांत त्यांना मान देणारे शेकडो भेटले. त्यांना वाचणारी ही पहिलीच.

“काय ठरलं?” बायकोने समोर बसत विचारले.

“महिनाअखेरीला तिची मुलाखत आहे. पदवी असेल तर जागा कायम. नसेल तर जागा दुसऱ्याला.”

“दुसरा कोण?”

“आहे एक. ‘अमुकत्व: एक पुनर्भेट’ असा प्रबंध आहे त्याचा. उत्कृष्ट शेरा.”

“कुणी दिला शेरा?”

सर चहाकडे पाहत राहिले.

“घरात कमावणारी ती एकटीच आहे,” बायको म्हणाली. “आई अंथरुणाला खिळलेली. मला त्या दिवशी दारात म्हणाली. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही त्याचा पण काहीतरी संदर्भ लावला असता.”

सरांनी ठरवले, गुरुवारी खरे सांगायचे.

आता खरे सांगणे ही गोष्ट साध्या माणसाला अवघड जाते, कारण त्याला भीती वाटते. सरांना ती अवघड गेली, कारण त्यांना ती सुंदर करायची होती. ते पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसले आणि निवेदनाचा मसुदा लिहू लागले. ‘ज्ञानाच्या इतिहासात स्खलनाचेही एक स्वतंत्र तेज असते’ असे पहिले वाक्य झाले. पुढे ‘आत्मपरीक्षणाच्या धगीत’ आले. तिसऱ्या परिच्छेदापाशी त्यांनी समासात एक छोटी खूण केली, आणि ती कसली हे लक्षात येताच त्यांचे कान तापले. तिथे चष्मा काढायचा होता.

बायकोने मसुदा वाचला. “ही कबुली आहे की उद्घाटनाचं भाषण?”

“थोडं प्रास्ताविक लागतं.”

“चोर पकडला गेला की प्रास्ताविक करतो का?”

“मी पकडला गेलेलो नाही. मी स्वतःहून...”

“तेच तर,” बायको म्हणाली. “स्वतःहून म्हणजे किती मोठं मन, हे पण त्यात बसवलंय तुम्ही. दुसऱ्या पानावर.”

सरांनी मसुदा फाडला. फाडताना आपण कसे दिसत असू, हा विचार त्यांच्या मनात आलाच.

गुरुवारी विभागाच्या बैठकीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि खिडकीवर अर्धवट ओढलेला पडदा. विभागप्रमुख सरांचे जुने विद्यार्थी. त्यांची पदवी, नोकरी आणि प्रमुखपद ही तिन्ही अमुकत्वाचीच अपत्ये. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे साक्षात तमुकत्वाचे प्रवर्तक. एरवी हे दोघे एका ओळीत नावे छापली तरी हरकत घेत. परंतु घरावर दगड आला की शेजारचे भांडण विसरले जाते. आज ते मांडीला मांडी लावून बसले होते. कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणारे लेखनिक. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ती मुलगी.

“सर, आपण नुसतं एक वाक्य सांगा,” प्रमुख म्हणाले. “औपचारिकता आहे. बाईंनी संकल्पनेची थट्टा केली आहे, हे तर उघडच आहे. दमटपणा काय.”

“दमटपणा मला विशेष खटकला,” बाहेरचे परीक्षक म्हणाले. “तमुकत्वाच्या जागी तर त्यांनी ‘खाज’ घातली आहे. तळटीपेत.”

“एका वाक्यात सांगण्यासारखंच आहे,” सर म्हणाले. ते पाणी प्यायले. “तो शब्द मी रिकाम्या जागेसाठी लिहिला होता. मला शब्द सुचत नव्हता. नंतर भरणार होतो, राहून गेला.”

ती मुलगी त्यांच्याकडे पाहत होती. सरांना वाटले, झाले. आता छप्पर कोसळेल.

प्रमुखांनी हळूच दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. “रिकामी जागा,” ते पुटपुटले. “सर. रिकामी जागा. म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्यात अर्थ शोधत होतो, आणि आपण सुरुवातीपासून अभाव मांडत होता.”

“नाही, मी खरंच...”

“न भरलेपण,” बाहेरचे परीक्षक म्हणाले. त्यांचा आवाज दाटून आला होता. “मी विरोधी पंथाचा आहे, तरी सांगतो. भाषेला जिथे शब्द सापडत नाही, ती जागा म्हणजे अमुकत्व. हे आपण आज प्रथमच उलगडलंत. हे छापलं पाहिजे.”

“रिक्तस्थानाचा सिद्धान्त,” प्रमुख म्हणाले. “पुढच्या चर्चासत्राला हाच विषय. बीजभाषण सरांचं.” आणि त्यांनी टेबलावर दाद देणारी थाप मारली. बाहेरच्या परीक्षकांनीही मारली.

इथे सरांनी जे केले ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांना बरे वाटले. छातीत एक ऊबदार काहीतरी पसरले, मान आपोआप किंचित कलली, आणि आपल्याच कानांना ऐकू आले की आपण म्हणत आहोत, “रिक्तता ही नेहमी अभावच असते असं नाही...” त्यांचा हात चष्म्याकडे निघाला होता.

“सर,” मुलगी म्हणाली.

ती रागावलेली नव्हती. बस चुकलेल्या माणसाने पुढची कधी आहे ते विचारावे तशी ती विचारत होती. “मग माझं काय समजायचं? मला आधी अमुकत्व कळलं नव्हतं. आता रिक्तस्थान कळलं नाही म्हणून परत लिहायला लागेल का? म्हणजे तसं असेल तर सांगा. मुलाखतीला जायचं की नाही ते ठरवायचं आहे. बदली माणूस मिळाला तरच आईला सोडून निघता येतं.”

“बाई, आपण विषयांतर करू नका,” प्रमुख म्हणाले. “इथे काहीतरी महत्त्वाचं घडतंय.”

लेखनिकांनी पेन वर केले. “साहेब, मी काय लिहू? रिक्तस्थान लिहू, की रिकामी जागा?”

सरांचा हात मध्येच राहिला. खरे बोलून त्यांनी कुणाचेच काही बिघडवले नव्हते. उलट सगळ्यांना आणखी एक चर्चासत्र मिळाले होते. ज्या सत्याला टाळी पडते ते सत्य या खोलीत निरुपयोगी होते. सांगायला हवे होते असे काहीतरी, की ज्याला कितीही बुद्धिमान माणसाने उलटेपालटे केले तरी त्यातून तत्त्वज्ञान निघू नये. आपल्याविषयी असे काय आहे, हे शोधायला त्यांना फार लांब जावे लागले नाही. तसे पुष्कळ होते.

“रिकामी जागा लिहा,” ते लेखनिकांना म्हणाले. “आणि मी आता जे सांगतो ते शब्दशः घ्या. सारांश करू नका. खाली मी सही करतो.”

“सर, आपण दमला आहात,” प्रमुख म्हणाले.

“दमलेलो नाही. मी सर्दीपासून सुरुवात करतो.”

सर बोलू लागले. हळू, थांबत, एकदाही खिडकीकडे न पाहता. सुरुवातीला प्रमुख समजूतदारपणे मान डोलावत होते. मग डोलावणे मंद झाले. बाहेरच्या परीक्षकांनी आधी टिपण घ्यायला कागद ओढला होता, तो त्यांनी उलटा करून ठेवला. ते हुशार होते, त्यांना सर्वांत आधी दिसले की अमुकत्व गेले तर तमुकत्व कशाला धरून उभे राहणार. सरांचे बोलणे संपल्यावर कुणीही थाप मारली नाही. लेखनिकांच्या पेनाचा आवाज तेवढा थोडा वेळ येत राहिला.

“हे इतिवृत्तात ठेवणं योग्य होईल का?” प्रमुखांनी शेवटी विचारले. ते छताकडे पाहत होते.

“नाही ठेवलं तर बाहेर सांगेन,” सर म्हणाले. “व्याख्यानाची आमंत्रणं मला येतातच.”

मग जे झाले ते अशा ठिकाणी होते तसेच झाले. कुणाचीही चूक निघाली नाही. अहवालातल्या मूळ वाक्यातून दोन ‘नाही’ काढले गेले, आणि ‘पुरेसे’ ऐवजी ‘स्वतंत्र’ घातले गेले: विद्यार्थिनीस संकल्पनेचे स्वतंत्र आकलन झालेले आहे, सबब सदर प्रबंध पदवीस पात्र ठरत आहे. क्रियापदाला ‘आहे’ चिकटवताना प्रमुखांचे व्याकरण जरासे अडखळले. सरांनी ते सुधारले नाही. मुलीने सही केली, कागदाची प्रत मागून घेतली, “येते सर” एवढेच म्हटले आणि निघाली. तिने आभार मानले नाहीत. सर वाट पाहत होते, हेही इथे नोंदवायला हवे.

तिला ती जागा मिळाली. सरांविषयी गावभर कुजबुज झाली, आणि कुजबुजीने आठवड्याभरात वळण घेतले: एवढ्या मोठ्या माणसाने स्वतःचीच चूक मान्य करायची म्हणजे केवढा तो विनय. एका संस्थेने ‘बौद्धिक प्रामाणिकपणा’ या विषयावर बोलायला बोलावले. मानधनही चांगले होते. सरांनी नकार कळवला. त्या नकाराचे पत्र त्यांना पुन्हा पुन्हा लिहावे लागले, कारण आधीच्या खर्ड्यांत ते फारच थोर दिसत होते. शेवटी बायकोने एका ओळीत लिहून दिले: येता येणार नाही. सरांना ते वाक्य कोरडे वाटले, पण त्यांनी सही केली.

इतिवृत्तातली नोंद मात्र कुणाला बदलता आली नाही. ती शब्दशः अशी आहे:

“मला त्या दिवशी सर्दी झाली होती. नाक वाहत होतं, डोकं चालत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी लेख द्यायचा होता, कारण माझ्याबरोबरच्याचा आधीच छापून आला होता आणि मला ते बघवत नव्हतं. शब्द सुचला नाही म्हणून अमुकत्व लिहिलं. त्यात काही खोल नाही. रिकामी जागा म्हणजे रिकामी जागा, कपड्यांच्या कपाटात असते तशी. छापून आल्यावर मी घाबरलो. मग मोठ्या लोकांनी वाहवा केली, तेव्हा मला वाटलं, असेलही काहीतरी. मी स्वतःच तो शब्द शब्दकोशात शोधला. नव्हता, तेव्हा मला आनंद झाला, की चला, आता कुणी ताडून बघू शकणार नाही. मी खोटं बोललो असं कुणाला म्हणता येणार नाही, कारण मी त्याबद्दल कधी काही बोललोच नाही. तुम्ही बोललात, मी ऐकून घेतलं. मला ते आवडायचं. या मुलीनं अर्थ विचारला तेव्हा मी तिला घालवून दिलं, कारण मला अर्थ माहीत नव्हता आणि तिला ते दिसेल असं वाटलं. तिला जे कळलं नाही ते मलाही कळलेलं नाही, तिला नापास करायचं तर आधी मला करा. मघाशी तुम्ही टेबलावर थाप मारलीत तेव्हा मी तिला पुन्हा विसरलो होतो. पूर्ण विसरलो होतो. आणि आत्ता हे सांगतानासुद्धा, मी हे बऱ्यापैकी छान सांगतोय असं मला वाटतंय. तेही लिहून घ्या.”